वंश, श्रद्धा आणि संवादाची भाषा : बर्मिंगहॅमचे पत्र व बेल्हारचा विश्वासांगीकार

प्रास्ताविक

एकाच देवाची लेकरे म्हणवणाऱ्यांनी एकाच छताखाली उपासना करावी की नाही, हा प्रश्न ख्रिस्ती शिकवणुकीत मुळात उद्भवायला नको होता. तो उद्भवला, आणि अमेरिका व दक्षिण आफ्रिका या दोन देशांत त्याने मंडळ्यांची रचनाच बदलून टाकली. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये प्रार्थनेसाठी गुडघे टेकलेल्या कृष्णवर्णीय उपासकांना ओढून उठवण्याचा प्रकार घडला. रिचर्ड ॲलन यांनी उभारलेल्या स्वतंत्र मंडळीमागे आणि १८१६ मध्ये स्थापन झालेल्या आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चमागे त्या अपमानाची आठवण आहे. दक्षिण आफ्रिकेत डच रिफॉर्म्ड चर्चच्या केप सिनडने १८५७ साली काही सभासदांच्या दुर्बलतेचे कारण देऊन वेगळ्या उपासनेस संमती दिली, आणि १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांसाठी डच रिफॉर्म्ड मिशन चर्च हे निराळे चर्चच अस्तित्वात आले. एका ठिकाणी अपमान झाला, दुसऱ्या ठिकाणी सवलत दिली गेली. निष्पत्ती मात्र सारखीच राहिली.

अशा विभागलेल्या मंडळ्यांत वंशाचा विषय निघाला की एक सूचना हमखास पुढे येते : चर्चा व्हावी, पण ती आदराने व्हावी. सूचना निरुपद्रवी वाटते. परंतु आदर म्हणजे काय हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे राहतो, हा प्रश्न तिच्यात दडलेला असतो. आदराचा अर्थ सौम्य स्वर एवढाच घेतला, तर ज्याने अन्याय सोसला त्यालाच आवाज खाली आणावा लागतो. ज्याला त्या अन्यायाचा लाभ झाला त्याला काहीच सोडावे लागत नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या संदर्भात दोन लेखनकृतींची चिकित्सा केली आहे : मार्टिन ल्यूथर किंग यांचे १६ एप्रिल १९६३ या तारखेचे बर्मिंगहॅमच्या तुरुंगातील पत्र, आणि दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड मिशन चर्चने १९८२ मध्ये तयार केलेला व १९८६ मध्ये स्वीकारलेला बेल्हारचा विश्वासांगीकार. दोन्ही कृती श्रद्धावंतांनी श्रद्धावंतांना उद्देशून लिहिल्या आहेत. दोहोंत आरोप स्पष्ट आहे, तरीही समोरच्याला बंधू मानण्याचे नाते तोडलेले नाही. आरोप आणि नाते ही दोन्ही एकाच वेळी कशी सांभाळली गेली, हे पाहिले म्हणजे आदरयुक्त चर्चेचे निकष हाती लागतात, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

आठ धर्मगुरूंचे निवेदन : सौजन्याची मर्यादा

किंग यांच्या पत्राचे वाचन ते ज्या निवेदनाला उत्तर म्हणून लिहिले गेले त्याच्यापासून सुरू करणे आवश्यक आहे. एप्रिल १९६३ मध्ये अलाबामातील आठ गौरवर्णीय धर्मगुरूंनी बर्मिंगहॅममधील निदर्शनांविषयी एक निवेदन प्रसिद्ध केले. त्यांपैकी सात जण एपिस्कोपल, कॅथलिक, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन व बॅप्टिस्ट पंथांतील ख्रिस्ती धर्मगुरू होते आणि एक ज्यू रब्बी होते. ही मंडळी कडवी वंशवादी नव्हती. त्याच वर्षीच्या जानेवारीत, गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी वांशिक पृथक्करण कायम राखण्याची घोषणा केली तेव्हा, कायदा पाळण्याचे आवाहन करून त्यांपैकी बहुतेकांनी आपल्याच समाजाचा रोष ओढवून घेतला होता. म्हणूनच त्यांचे निवेदन अभ्यासनीय ठरते. द्वेष्ट्यांची भाषा ओळखणे सोपे असते. सज्जनांच्या भाषेत अन्याय कसा टिकून राहतो, हे पाहणे अधिक अवघड असते.

निवेदनाचा स्वर सर्वस्वी सौम्य आहे. निदर्शने अविचारी आणि अवेळी आहेत, त्यांच्यामागे बाहेरची माणसे आहेत, प्रश्न न्यायालयांत व वाटाघाटींतून सुटावेत, पोलिसांनी शांतता राखली, अशी त्याची मांडणी आहे. किंग यांचे नाव त्यात नाही. या निवेदनातील दोन उणिवा विशेष अर्थपूर्ण आहेत. पहिली अशी, की वांशिक तणावाचा उल्लेख असूनही कोणी कोणावर कोणता अन्याय केला हे सांगणारे एकही वाक्य त्यात नाही. तणाव जणू हवामानासारखा आपोआप निर्माण झाला आहे. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. आठ धर्मगुरूंच्या या निवेदनाचा आधार शास्त्रवचन नाही; आवाहन आहे ते कायदा, सुव्यवस्था आणि व्यवहारबुद्धी यांना. वंशाच्या प्रश्नावर बोलताना धर्मगुरूंनी धर्माची भाषा बाजूला ठेवली. श्रद्धेने प्रश्न विचारू नयेत, अशी व्यवस्था त्यांच्या सौजन्यातच अनुस्यूत होती.

बर्मिंगहॅमचे पत्र : आरोप आणि आप्तभाव

निदर्शनांवरील मनाईहुकूम मोडल्याबद्दल किंग यांना १२ एप्रिल १९६३ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, अटक झाली. तुरुंगात त्यांनी वर्तमानपत्राच्या कडांवर आणि मिळेल त्या कागदाच्या तुकड्यांवर उत्तर लिहिण्यास प्रारंभ केला. हे पत्र पुढे १९६४ मध्ये त्यांच्या ग्रंथात समाविष्ट झाले. अहिंसक प्रतिकाराचा जाहीरनामा म्हणून ते सामान्यतः वाचले जाते. धर्मबांधवांमधील संवादाचा नमुना म्हणून त्याची रचना तपासली असता तीन वैशिष्ट्ये लक्षात येतात.

पहिले वैशिष्ट्य म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्णपणे मांडून घेणे. धर्मगुरूंचा हेतू प्रामाणिक आहे असे गृहीत धरून किंग आरंभ करतात आणि मग त्यांचा एकेक आक्षेप घेऊन त्याला उत्तर देतात. बाहेरचे म्हटले गेल्यावर ते स्थानिक संघटनेने दिलेल्या निमंत्रणाचा दाखला देतात, आणि त्याच्या जोडीला आपले गाव सोडून सुवार्ता नेणाऱ्या पौलाचे उदाहरण ठेवतात. कायदा मोडल्याच्या आरोपाला ऑगस्टीन आणि ॲक्विनास यांच्या न्याय्य व अन्याय्य कायद्याच्या विचाराने उत्तर मिळते. शद्रख, मेशख व अबेद्नगो यांनी राजाज्ञा नाकारल्याची कथा त्याला जोडली जाते. वाचकवर्गात एक रब्बी आहेत याचेही भान पत्रात आहे. मार्टिन बूबर यांचा आधार आणि जुन्या करारातील संदेष्ट्यांचे उल्लेख त्या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. ज्या प्रमाणग्रंथांचा अधिकार प्रतिपक्षाला मान्य आहे, त्यांच्याच साक्षीने हा वाद चालतो. निवेदनातून बाहेर ठेवलेली श्रद्धा तुरुंगातील कैद्याने अशा रीतीने चर्चेत परत आणली.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे तपशिलाचा नेमकेपणा. सबुरीच्या सल्ल्याला उत्तर देताना किंग तीनशेहून अधिक शब्दांचे एकच वाक्य रचतात. झुंडीने केलेल्या हत्या, करमणुकीच्या उद्यानात प्रवेश का नाही हे लहान मुलीला सांगताना बापाची झालेली कोंडी, प्रवासात रात्र मोटारीतच काढावी लागणे, नावाऐवजी हिणवून मारलेली हाक, असे अनुभव त्या वाक्यात एकामागून एक येत राहतात आणि पूर्णविराम लांबत जातो. वाट पाहणे म्हणजे काय, हे त्या वाक्याची लांबीच वाचकाला जाणवून देते. पोलिसांच्या प्रशंसेला त्यांनी दिलेले उत्तरही असेच आहे. तेथे विशेषणे मोजकी आहेत. निःशस्त्र माणसांवर सोडलेले कुत्रे आणि तुरुंगातील वागणूक यांचे वर्णन आहे. सौजन्य जे झाकते ते वस्तुस्थितीचे कथन उघड करते, आणि त्यासाठी शिवीगाळीची गरज पडत नाही.

तिसरे वैशिष्ट्य सर्वांत महत्त्वाचे आहे. मवाळ गौरवर्णीयांविषयीची निराशा किंग कबुलीच्या रूपात व्यक्त करतात. न्यायापेक्षा सुव्यवस्थेला अधिक जपणारा हा वर्ग उघड वंशद्वेष्ट्यांपेक्षा मोठा अडथळा ठरतो, हे अत्यंत कठोर विधान आपल्या मनातील सल बोलून दाखवणाऱ्या बंधूच्या तोंडून येते. चर्चविषयी बोलतानाही आपण धर्मोपदेशकांच्या घराण्यातील आहोत, चर्चवर आपले प्रेम आहे, हे ते सांगतात. निराशा तेथेच होते जेथे प्रेम असते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. स्वाक्षरी करणाऱ्यांपैकी बॅप्टिस्ट पाळक अर्ल स्टॉलिंग्ज यांनी कृष्णवर्णीयांना उपासनेत प्रवेश दिल्याचा गौरवपूर्ण उल्लेख ते करतात. कॅथलिक नेत्यांनी स्प्रिंग हिल कॉलेज सर्वांना खुले केल्याचेही नोंदवतात. पत्राच्या शेवटी काही अतिशयोक्त बोलले गेले असल्यास ते धर्मगुरूंची क्षमा मागतात. सत्य उणे सांगितले गेले असल्यास देवाची. अतिरेकाचा दोष माणसांप्रत आणि भिडस्तपणाचा दोष देवाप्रत, ही विभागणी नीट पाहिली पाहिजे. श्रद्धावंतांच्या चर्चेत गप्प राहणे हाच मोठा अपराध आहे, असा तिचा अर्थ होतो.

या पत्राच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. वैयक्तिक पत्राचा घाट असला तरी ते प्रत्यक्षात जाहीर दस्तऐवज आहे. इतिहासकार जोनाथन बास यांच्या २००१ मधील ग्रंथात आठ धर्मगुरूंच्या पुढील आयुष्याचा शोध घेतला आहे. पत्राची कीर्ती वाढत गेली तसे हे आठ जण त्या कीर्तीच्या छायेत सापडले. एका बाजूला ते वंशवाद्यांचे लक्ष्य ठरले आणि दुसऱ्या बाजूला मवाळपणाचे प्रतीक बनून राहिले. त्यांच्यापैकी जोसेफ ड्युरिक हे कॅथलिक बिशप पुढे नागरी हक्कांचे उघड समर्थक झाले, ही गोष्ट पत्राच्या वाचकांना क्वचितच ठाऊक असते. तसेच या पत्रातील संवाद प्रामुख्याने पुरुष धर्मगुरूंमधला आहे. पत्रात स्त्रिया येतात त्या सोसणाऱ्या, आणि माँटगोमेरीच्या बहिष्कारातील एका वृद्धेच्या रूपाने धैर्याचा आदर्श म्हणून. धर्मशास्त्राच्या चर्चेत त्यांना स्थान मिळत नाही. ही उणीव पुढे कृष्णवर्णीय स्त्री-धर्मचिंतकांनी भरून काढली. डेलोरेस विल्यम्स यांनी १९९३ मधील ग्रंथात हागारेच्या कथेच्या आधारे मुक्तीच्या प्रचलित कल्पनांनाच प्रश्न केला.

बेल्हार : विश्वासांगीकार आणि सोबतचे पत्र

बर्मिंगहॅममध्ये एका व्यक्तीने लिहिले. दक्षिण आफ्रिकेत एक संपूर्ण चर्च बोलले, आणि तेही आपल्याला जन्म देणाऱ्या मातृचर्चला उद्देशून. ऑगस्ट १९८२ मध्ये ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक संघटनेने अपार्थाइडचे धार्मिक समर्थन पाखंड ठरवले, दोन गौरवर्णीय आफ्रिकान्स चर्चचे सदस्यत्व स्थगित केले आणि मिशन चर्चचे ॲलन बुसाक यांना अध्यक्ष निवडले. त्यानंतर काही आठवड्यांतच केपटाउनजवळील बेल्हार येथे भरलेल्या मिशन चर्चच्या सिनडने विश्वासांगीकाराचा मसुदा स्वीकारला. त्याच्या मसुदाकारांत बुसाक आणि धर्मशास्त्रज्ञ डर्की स्मिट यांचा समावेश होता.

विश्वासांगीकाराची पाच कलमे आहेत. पहिले त्रैक्यावरील, नंतरची तीन अनुक्रमे ऐक्य, समेट व न्याय यांवरील आणि शेवटचे आज्ञाधारकतेवरील आहे. वंश व वर्ण यांच्या आधारे सक्तीने केलेल्या विभाजनाचा निषेध त्यात निःसंदिग्ध आहे. परंतु ‘अपार्थाइड’ हा शब्द या कलमांत येत नाही. हा भिडस्तपणा म्हणता येणार नाही. धोरणाचे नाव घेतले असते तर वाद राजकारणाचा ठरला असता, आणि धोरण रद्द होताच मजकूर इतिहासजमा झाला असता. येथे प्रश्न असा विचारला आहे, की ख्रिस्ताने साधलेला समेट माणसांना एकत्र आणण्यास असमर्थ आहे असे मानून जे विभाजन उभे राहते, ते सुवार्तेशी सुसंगत आहे काय? प्रश्न श्रद्धेच्या गाभ्याशी नेल्यामुळेच हा मजकूर देशाबाहेर गेला. अमेरिकेत रिफॉर्म्ड चर्च इन अमेरिकाने २०१० मध्ये आणि प्रेस्बिटेरियन चर्चने २०१६ मध्ये तो आपल्या मान्य विश्वासांगीकारांत समाविष्ट केला.

विश्वासांगीकारासोबत सिनडने एक छोटे पत्र जोडले आहे. चर्चेच्या नीतीच्या दृष्टीने ते मूळ कलमांइतकेच महत्त्वाचे आहे. आपला रोख विशिष्ट व्यक्ती, गट वा चर्च यांच्यावर नसून सुवार्तेला विकृत करणाऱ्या शिकवणीवर आहे, असे त्यात स्पष्ट केले आहे. सुवार्तेविरुद्ध जाणाऱ्या वृत्ती आपल्या सर्वांतच आहेत आणि पुढेही राहतील, याचीही कबुली आहे. आरोप करणारा स्वतःलाही आरोपाच्या कक्षेत उभे करतो. मात्र या कबुलीने आरोप पातळ झालेला नाही. आपण सारेच पापी आहोत असे म्हणून विषय संपवणे ही धार्मिक सभांतील नेहमीची पळवाट आहे. बेल्हारच्या पत्रात सर्वांची दुर्बलता मान्य करूनही विशिष्ट शिकवणीचा विशिष्ट निषेध कायम राहतो, आणि भूमिका घेण्याची जबाबदारी वाचकावर येते.

या मजकुराला झालेला विरोधही बोधप्रद आहे. देव हा विशेषकरून निराधार, दरिद्री आणि अन्यायग्रस्त यांचा देव आहे, या चौथ्या कलमातील आशयावर गौरवर्णीय डच रिफॉर्म्ड चर्चमधून आक्षेप घेतला गेला. त्यात मुक्तिवादी धर्मशास्त्राचा वास आहे, असे म्हटले गेले. ऐक्य आणि समेट हे शब्द सर्वांना मानवतात. न्याय हा शब्द आला की मतभेद सुरू होतात. १९८५ च्या कैरोस दस्तऐवजाने नेमक्या याच जागी बोट ठेवले होते. न्यायाशिवाय समेटाची भाषा बोलणाऱ्या धर्मशास्त्राला त्याने चर्चचे धर्मशास्त्र असे नाव देऊन त्याची चिकित्सा केली होती.

संवादाची कसोटी

शब्दांची परीक्षा अखेर कृतीत होते. नोव्हेंबर १९९० मध्ये रुस्टेनबर्ग येथे दक्षिण आफ्रिकेतील चर्चची परिषद भरली. तेथे स्टेलनबॉशचे धर्मशास्त्रज्ञ विली योंकर यांनी स्वतःच्या आणि आपल्या चर्चच्या वतीने अपराधाची कबुली दिली. आर्चबिशप डेस्मंड टूटू यांनी उठून ती स्वीकारली. हा प्रसंग समेटाचा आदर्श म्हणून सांगितला जातो, परंतु त्याचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. सर्वांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार टूटू यांना कोणी दिला, असा प्रश्न काही कृष्णवर्णीय प्रतिनिधींनी उपस्थित केला आणि टूटू यांना आपल्या प्रतिसादाचे स्पष्टीकरण द्यावे लागले. हा प्रश्न अनादराचा नव्हता. कबुलीनंतर काय, जमिनीचे काय, वेगळ्या चर्चचे काय, हे विचारण्याचा अवकाश क्षमेच्या घाईत बुजू नये, अशी त्यामागील भूमिका होती. पुढील घटनांनी ती शंका निराधार ठरवली नाही. १९९४ मध्ये मिशन चर्च आणि कृष्णवर्णीयांचे डच रिफॉर्म्ड चर्च इन आफ्रिका यांतील बहुसंख्य मंडळ्या एक झाल्या. गौरवर्णीय चर्चमध्ये मात्र बेल्हारला विश्वासाच्या पायात स्थान देण्याचा प्रस्ताव २०१५ पर्यंत प्रादेशिक सिनडांचे आवश्यक बहुमत मिळवू शकला नाही.

अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनचा अनुभव याच दिशेचा आहे. गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी नेमावे की नाही, या वादातून १८४५ मध्ये ही संस्था जन्मली आणि १५० वर्षांनी, १९९५ मध्ये, तिने ठराव करून क्षमा मागितली. तिच्या लुईव्हिल येथील ज्येष्ठ धर्मशास्त्र विद्यालयाने २०१८ मध्ये स्वतःच्या इतिहासाचा अहवाल प्रसिद्ध केला. चार संस्थापकांकडे मिळून ५० हून अधिक गुलाम होते, हे त्यात नमूद आहे. क्षमायाचनेच्या सर्वसाधारण शब्दांपेक्षा हा आकडा अधिक बोलका आहे. परंतु २०१९ मध्ये, योगायोगाने बर्मिंगहॅमलाच भरलेल्या अधिवेशनात, वंशविषयक समीक्षासिद्धान्ताचा विश्लेषणाचे साधन म्हणून मर्यादित उपयोग मान्य करणारा ठराव झाला, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सहा धर्मशास्त्र विद्यालयांच्या प्रमुखांनी तो सिद्धान्त आपल्या श्रद्धेशी विसंगत असल्याचे जाहीर केले. त्यानंतर काही कृष्णवर्णीय पाळकांनी संस्था सोडली. सिद्धान्ताच्या गुणदोषांवर मतभेद असू शकतात. मात्र ज्यांच्या अनुभवाविषयी चर्चा होती त्यांच्याशी बोलण्याआधी निर्णय जाहीर झाला, ही त्यांची तक्रार सिद्धान्ताच्या पलीकडची आहे.

मराठी संदर्भ

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केला. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. त्यांच्या १८८९ मधील प्रवासवृत्तात त्या देशाच्या गुणांबरोबर तेथील कृष्णवर्णीयांना व मूळ रहिवाशांना मिळणाऱ्या वागणुकीचीही टीकात्मक दखल आहे. ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारलेल्या स्त्रीने ख्रिस्ती राष्ट्राचा दोष दाखवला, ही या परंपरेतील उल्लेखनीय घटना होय. पुढे १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधून अरविंद निर्मळ यांनी दलित धर्मशास्त्राची दिशा दाखवली. भारतीय ख्रिस्ती धर्मचिंतन ब्राह्मणी परंपरेशीच संवाद करीत राहिले आणि चर्चमधील बहुसंख्य दलितांचा अनुभव बाजूला पडला, असा त्यांचा आक्षेप होता. वंश आणि जात या एकच गोष्टी नव्हेत. त्यांचे इतिहास व यंत्रणा भिन्न आहेत. परंतु श्रद्धेचे ऐक्य पुढे करून सामाजिक भेदाविषयीचे बोलणे थांबवण्याची रीत दोन्हीकडे सारखी आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून आदरयुक्त चर्चेचे चार निकष मांडता येतात. चर्चा उभयतांना मान्य असलेल्या श्रद्धेच्या आधारावर व्हावी. श्रद्धा बाजूला ठेवून नव्हे. अन्यायाचा उल्लेख मोघम न राहता तपशिलाने व्हावा. बोलणाऱ्याने स्वतःलाही उत्तरदायी मानावे, परंतु त्या आडून मूळ प्रश्न बोथट करू नये. आणि क्षमा मागितली गेल्यावर ती केव्हा व कशी द्यावी, याचा निर्णय सोसणाऱ्यांकडे राहावा. आठ धर्मगुरूंच्या निवेदनात सौम्यता होती, पण यांपैकी पहिल्या तीन निकषांची पूर्तता नव्हती. चौथ्या निकषाचा प्रसंगच तेथे आला नाही, कारण क्षमा मागण्यासारखे काही घडले आहे असेच मानले गेले नव्हते.

समोरची व्यक्ती सत्य ऐकून बदलू शकते असा विश्वास बाळगणे, हा तिचा सर्वांत मोठा सन्मान होय. कठोर सत्य सांगण्यायोग्य ती नाही असे ठरवून तिच्याशी गोड बोलत राहणे हा एक प्रकारचा अनादरच आहे. तुरुंगातून लिहिणाऱ्या किंग यांनी आठ धर्मगुरूंविषयी आणि बेल्हारच्या सिनडने आपल्या मातृचर्चविषयी हा विश्वास सोडला नव्हता. तो सार्थ ठरला की नाही, याचे उत्तर ज्यांना उद्देशून लिहिले गेले त्या मंडळ्यांनी द्यावयाचे होते. आणि ते अद्याप पूर्णपणे दिले गेलेले नाही.